माल निघाला म्हणजे नेमकं काय? इंग्रजीतला काळ निवडताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या निर्यात विभागात मी नोकरीला लागलो, तेव्हाची गोष्ट. विभाग म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. बर्मिंगहॅमच्या एका गिऱ्हाइकाला पॅटर्नची ड्रॉइंग्ज मंजुरीसाठी पाठवायची होती, ती मी सोमवारी मेल केली. बुधवारी त्यांनी विचारलं, ड्रॉइंग्जचं काय झालं? मी लिहिलं, "आय हॅड सेंट द ड्रॉइंग्ज ऑन मंडे." माझ्या लेखी वाक्य चोख होतं. मी पाठवली होती. होती म्हणजे हॅड. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हापासून हाच हिशोब.

तासाभरात उलट प्रश्न आला, "अँड देन? डिड दे बाउन्स?" मग काय झालं, परत आली का?

हा माणूस असं का विचारतोय, तेच मला कळेना. उलगडा बऱ्याच दिवसांनी झाला. इंग्रजी कानाला "हॅड सेंट" हे अर्धवट वाटतं. आधी हे झालं होतं, आणि मग... असं म्हणून तो पुढच्या घटनेची वाट बघत बसतो. मी नुसतं "आय सेंट देम ऑन मंडे" म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

आता मी रविवारी सकाळी घरीच सात-आठ जणांना इंग्रजीसाठी बसवतो. डिस्पॅचची दोन पोरं, नर्सिंग करून परदेशाचे फॉर्म भरणारी एक मुलगी, बँकेच्या मुलाखतीची तयारी करणारा एक. बारा काळ यातल्या सगळ्यांना पाठ आहेत, अगदी उदाहरणांसकट. अडतं ते लिहायला बसल्यावर. कारण रूप कसं बनवायचं हे तक्ता सांगतो, कुठलं उचलायचं हे सांगत नाही. त्या रविवारच्या बैठकीत जे वापरून बघितलं आणि टिकलं, तेवढंच इथं लिहितो.

पहिली पायरी: बारातले सहा खण उघडे ठेवा

तक्ता तुम्हाला माहीत आहे. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन, आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार. तीन चोक बारा. शाळेत बाराही खणांना सारखाच मान असतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. "आय शॅल हॅव बीन रायटिंग" हे रूप परीक्षेत पाच मार्कांना येतं. माझ्या आजवरच्या पत्रव्यवहारात ते एकदाही आलेलं नाही.

सुरुवातीला सहा पुरतात: आय गो, आय ॲम गोइंग, आय वेन्ट, आय वॉज गोइंग, आय हॅव गॉन, आय विल गो. सातवा पाहुणा म्हणजे "आय हॅव बीन गोइंग", त्याच्याकडे पुढे येऊ. बाकीचे वाचताना ओळखता आले की झालं.

जाता जाता एक गंमत. क्रियापदाचं स्वतःचं रूप बघितलं तर इंग्रजीत काळ दोनच भरतात, गो आणि वेन्ट. भविष्यासाठी त्यांना विलची काठी घ्यावी लागते. आपल्याकडे "जाईन" हे खणखणीत स्वतंत्र रूप आहे. तरी आपण "उद्या जाईन" न म्हणता "उद्या जातो" म्हणतो, ती गोष्ट वेगळी. त्यावरूनच पुढची पायरी.

दुसरी पायरी: मराठी क्रियापदाच्या शेपटाचं भाषांतर करू नका

आपण बोलतो कसं ते जरा ऐका. आतून आवाज येतो, "आलोच!" रूप भूतकाळाचं, आणि माणूस अजून आंघोळ करतोय. निरोप घेताना "येतो हं" म्हणतो, आणि जातो. "उद्या पैसे देतो", रूप वर्तमानाचं. "पाऊस आला तर पत्रे गळतील", आभाळात ढग नसतानाही आला. आपल्याला यात काही खटकत नाही, कारण प्रसंग आपल्याला दिसत असतो. इंग्रजीत जाताना आपण प्रसंग सोडतो आणि ला, तो, होता ही शेपटं तेवढी उचलून नेतो.

म्हणून मराठी वाक्य मनात आलं की क्रियापदावर अंगठा ठेवा आणि विचारा, हे खरंच कधी घडतंय? "आलोच" मध्ये येणं आत्ता चाललंय, म्हणून "आय ॲम कमिंग". "देतो" हा उद्याचा शब्द आहे, म्हणून "आय विल पे यू टुमॉरो". नुसतं "आय पे यू टुमॉरो" म्हटलं तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. "पाऊस आला तर" म्हणजे "इफ इट रेन्स". इथं मात्र उलटी चूक होते. भविष्याची गोष्ट आहे म्हणून हुशार माणूस "इफ इट विल रेन" लिहून मोकळा होतो. इफ आणि व्हेनच्या पोटात विल जात नाही, ते वाक्याच्या दुसऱ्या भागात येतं: "इफ इट रेन्स, द रूफ विल लीक."

आमच्याकडचा सगळ्यात महागडा शब्द आहे "निघाला". गिऱ्हाइकाचा फोन आला की सुपरवायझर खालून ओरडतो, "माल निघाला म्हणून सांग!" नवीन पोरगं टाइप करतं, "द मटेरियल हॅज लेफ्ट." त्याच वेळी गाडी वजनकाट्यावर उभी असते, ताडपत्री बांधायची असते आणि ड्रायव्हर चहाला गेलेला असतो. मराठीत सुपरवायझर खोटं बोललेला नाही. "निघाला" मध्ये "आता निघतोच आहे" हे बसतं. "हॅज लेफ्ट" मध्ये ते बसत नाही. ते वाचलं की पलीकडचा माणूस धरून चालतो की गाडी गेटबाहेर आहे, आणि न्हावा शेव्याला कंटेनर कधी लागेल याचा हिशोब करून पुढं आपल्या माणसांना कळवतो. मग रात्री आठला त्याचा फोन येतो, तेव्हा बोलणी कुणाला बसतात ते सांगायला नको.

तिसरी पायरी: "कधी" याचं उत्तर वाक्यात आहे का ते बघा

मराठी माणसाची खरी दमछाक होते ती "आय डिड" आणि "आय हॅव डन" मध्ये. इथं घाई करू नका.

आपल्याकडे "जेवलो" आहे आणि "जेवलोय" आहे. कोल्हापुरात तर लोय, लाय, लंय शिवाय वाक्य पुरं होत नाही. हे "जेवलोय" पुष्कळदा "आय हॅव ईटन" च्या जवळ जातं, कारण दोन्हींत जुन्या घटनेचा आत्ताशी धागा असतो. जेवलोय, म्हणून आता नको. पण मराठी एक सूट देते, ती इंग्रजी देत नाही. आपण खुशाल म्हणतो, "मी त्याला काल बघितलाय." इंग्रजीत "आय हॅव सीन हिम यस्टरडे" चालत नाही. यस्टरडे म्हणजे संपलेला दिवस. संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की हॅव बाहेर. "आय सॉ हिम यस्टरडे."

कामाला येणारी खूण एवढीच आहे. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू डेज अगो, ऑन मंडे असा संपलेला वेळ वाक्यात असेल, किंवा तो दोघांच्याही मनात असेल, तर डोळे मिटून साधा भूतकाळ. वेळ सांगितलेला नाही आणि मुद्दा आत्ताच्या परिस्थितीचा आहे, तर हॅव.

हात मोडल्याचं उदाहरण मी नेहमी देतो. "आय हॅव ब्रोकन माय आर्म" म्हणणाऱ्याच्या हाताला प्लास्टर असतं. "आय ब्रोक माय आर्म व्हेन आय वॉज टेन" म्हणणारा क्रिकेट खेळायला निघालेला असू शकतो. तसंच किल्लीचं. "आय हॅव लॉस्ट माय की" ऐकलं की लोक तुमच्याबरोबर शोधायला लागतात.

जेवणाचंही तेच. दुपारी अडीचला भेटलेल्या माणसाला "हॅव यू हॅड लंच?", कारण दुपार अजून चालू आहे आणि नसेल जेवला तर ताट वाढता येईल. रात्री नऊला फोनवर विचारायचं तर "डिड यू हॅव लंच?", कारण त्या जेवणाची वेळ संपली. प्रश्न तोच, घड्याळ बदललं.

मुलाखतीत हा फरक पगारावर येतो. "आय वर्क्ड इन अ मशीन शॉप फॉर थ्री इयर्स" याचा अर्थ, तीन वर्षं केलं, सोडलं. "आय हॅव वर्क्ड इन अ मशीन शॉप फॉर थ्री इयर्स" यातून ऐकणारा बहुधा हेच धरतो की तुम्ही अजून तिथं आहात. आमच्या बँकवाल्या उमेदवारानं सराव मुलाखतीत पहिलं वाक्य म्हटलं, आणि मी लगेच विचारलं, "मग आता काय करतोस?" तो गोंधळला, कारण तो अजूनही तिथंच कामाला होता. तीन वर्षं "काम केलं" हे मराठीत दोन्हीकडे चालतं.

आजोबांचं वाक्य त्याहून नाजूक आहे. "माझ्या आजोबांनी शाहू मिलमध्ये काम केलंय" असं आपण आजोबा गेल्यावरही अभिमानानं सांगतो. इंग्रजीत अनुभवाचं "हॅज वर्क्ड" हयात माणसालाच लागतं. आजोबा नाहीत, तर "माय ग्रँडफादर वर्क्ड इन शाहू मिल." मला हे कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं. एका छोट्या हॅजला माणूस जिवंत आहे की नाही हे माहीत असतं.

परदेशाचे फॉर्म भरणाऱ्यांनी प्रश्नांची जोडी लक्षात ठेवावी. "हॅव यू एव्हर बीन टू द यूके?" यात "कधीतरी, आजवर" असं विचारलंय, तारीख नाही. उत्तर "येस, आय हॅव." तारीख सांगायला लागलात की लगेच रूळ बदलायचा: "आय वेन्ट देअर इन २०१८." हॅवनं दार उघडायचं आणि साध्या भूतकाळानं आत जायचं. आणि "बीन टू" म्हणजे जाऊन आलेला. "ही हॅज गॉन टू दुबई" म्हणजे अजून दुबईतच आहे. स्वतःबद्दल बोलताना "आय हॅव गॉन टू दुबई" म्हटलं की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, मग हा इथं कसा?

हीच जोडी रोज सकाळी फुकट बघायला मिळते. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या बातमीचं पहिलं वाक्य पुष्कळदा हॅव-हॅजनं सुरू होतं: पोलिसांनी दोघांना पकडलंय, सरकारनं अमुक जाहीर केलंय. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात मंगळवारी रात्री, अमुक चौकात, असे तपशील येतात आणि काळ साधा भूतकाळ होतो. मथळा मात्र वर्तमानकाळात असतो, त्याच्या नादी लागू नका. आठवडाभर रोज एका बातमीची पहिली दोन-तीन वाक्यं घेऊन क्रियापदांखाली पेन्सिल फिरवा. माझ्या मते इतका स्वस्त क्लास दुसरा नाही.

अमेरिकन माणसाशी बोलत असाल तर थोडं सैल धरा. "डिड यू ईट येट?", "आय ऑलरेडी सेंट इट" हे तिकडं सर्रास चालतं, जिथं इंग्लंडमधला माणूस हॅव वापरेल. दोन्ही ऐकून गोंधळू नका. लिहिताना हॅव वापरलंत तर दोन्हीकडे खपतं.

चौथी पायरी: "पासून" दिसलं की थांबा

"मी इथं पाच वर्षांपासून राहतो." राहतो, म्हणजे वर्तमान, म्हणून "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." या वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या महाराष्ट्रभर जोडीनंच फिरतात.

मराठीला "पासून" लागलं की क्रिया चालू आहे एवढं पुरतं. इंग्रजीला सुरुवात आणि आत्ता, दोन्ही टोकं एका क्रियापदात हवी असतात. म्हणून सातवा पाहुणा: "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स." दुसरी चूक सिन्सची. किती वेळ ते मोजायचं असेल तर फॉर: फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. कुठून ते दाखवायचं असेल तर सिन्स: सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. आपला "पासून" दोन्ही कामं एकटा करतो, त्यामुळे आपल्याला फरक जाणवत नाही. फीत मोजायची असेल तर फॉर, खुंटी ठोकायची असेल तर सिन्स, असं आमच्या डिस्पॅचच्या पोरानं वहीत लिहून ठेवलंय.

पाचवी पायरी: हॅडला रजेवर पाठवा

आता पुन्हा माझ्या मेलकडे. "मी काल पुण्याला गेलो होतो." मराठीत हा "होतो" काय करतो? तो सांगतो की गेलो आणि आलोही, ते प्रकरण मिटलं. "तो काल पुण्याला गेला" म्हटलं तर तो अजून तिकडंच असेल असंही वाटू शकतं. हा मराठीचा सुंदर बारकावा आहे आणि इंग्रजीत तो हॅडनं येत नाही. "आय वेन्ट टू पुणे यस्टरडे" एवढंच. परत आलात हे तुम्ही समोर उभे आहात त्यावरून दिसतंच.

इंग्रजी हॅड वेगळ्या कामासाठी राखून ठेवलेलं आहे. भूतकाळातल्या दोन घटना, त्यातली आधीची कुठली हे सांगायला. "व्हेन द ट्रक रीच्ड द पोर्ट, द गेट क्लोज्ड." ट्रक पोहोचला आणि गेट बंद झालं, जणू त्याला बघूनच. "व्हेन द ट्रक रीच्ड द पोर्ट, द गेट हॅड क्लोज्ड." गेट आधीच बंद झालेलं होतं, ट्रकला उशीर झाला. दुसऱ्या वाक्यात हॅड नसेल तर दोष कुणाचा तेच बदलतं. निर्यातीत अशा वाक्यांवर पैशांची भांडणं होतात.

घटना घडल्या त्याच क्रमानं सांगत असाल तर हॅड लागत नाही. सकाळी उठलो, चहा घेतला, बस पकडली: वोक, ड्रँक, कॉट. क्रम उलटा केलात, मागं वळून काही सांगायचं असेल, तरच हॅड. नवख्याला मी सांगतो, पहिले तीन महिने हॅड लिहूच नकोस. शंभरात दोन-चार वाक्यं कमी पडतील, पण पाच-पन्नास चुकायची वाचतील. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही.

सहावी पायरी: "मला" असेल तिथं आयएनजी नको

"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम नॉट नोइंग", "आय ॲम वॉन्टिंग लीव्ह". यावर लोक हसतात. पण का चुकलं हे विचारलं की पुस्तकात एक लांबलचक यादी मिळते: नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड, रिमेंबर, बिलाँग... पाठ करा.

यादी करायची गरज नाही, ती तुमच्या तोंडात आहे. मराठीत बोलून बघा. मला माहीत आहे. मला आवडतं. मला हवं. मला समजतं. मला आठवतं. मला वाटतं. मला दिसतं. मला दोन भाऊ आहेत. सगळीकडे "मी" जाऊन "मला" आलेलं आहे. जी गोष्ट आपण हातानं करत नाही, आपल्याला होते किंवा आपल्यापाशी असते, तिथं मराठी "मला" लावते, आणि बहुतेक त्याच ठिकाणी इंग्रजी आयएनजी लावू देत नाही. "मी धावतो, मी लिहितो, मी ओततो" यांना आयएनजी हवं तेवढं लावा. "मला" वाल्यांना नको: आय नो, आय लाइक, आय वॉन्ट, आय हॅव टू ब्रदर्स.

नियम शंभर टक्के नाही. "मला कंटाळा येतोय" हे "आय ॲम गेटिंग बोअर्ड" होतं. "आय ॲम हॅविंग लंच" बरोबर आहे, कारण तिथं हॅव म्हणजे जवळ असणं नाही, जेवणं आहे, आणि जेवतो "मी" च. पण नव्वद टक्के गाडी यावर निघते.

आयएनजीचा दुसरा अतिरेक रोजच्या सवयींत होतो. "आय ॲम गोइंग टू द जिम डेली." रोजचं आहे ना, मग "आय गो". चालू काळ आत्ताचा, किंवा या दिवसांपुरता. "आय लिव्ह इन कोल्हापूर" म्हणणारा इथलाच. "आय ॲम लिव्हिंग इन पुणे" म्हणणारा सध्या तिकडं, उद्याचं सांगता येत नाही. जुन्या सवयीसाठी मराठी व्याकरणात रीती भूतकाळ आहे, "आम्ही नदीवर पोहायला जात असू". इंग्रजीत तिथं "वी यूज्ड टू स्विम इन द रिव्हर".

पुढचं बोलायचं तर

भविष्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं चूक झाली तरी अर्थ सहसा निसटत नाही. बोलता बोलता ठरवलं तर विल: फोन वाजला, "आय विल गेट इट." आधीच ठरलेलं असेल तर गोइंग टू. आणि वेळ घेऊन, समोरच्याशी बोलून पक्कं केलेलं असेल तर चक्क चालू वर्तमान: "आय ॲम मीटिंग द मॅनेजर ऑन मंडे." तीन शब्दप्रयोग, ठरण्याच्या तीन पायऱ्या.

मग व्याकरण किती करायचं?

हा प्रश्न दर रविवारी येतो. एक गट म्हणतो, व्याकरण सोडा, नुसतं बोला. दुसरा गट अजून तक्ता घोकतो.

पहिल्या गटाला आपल्या देशातला एक प्रयोग माहीत असावा. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी बंगळूरु आणि दक्षिण भारतातल्या आणखी काही शाळांत मुलांना व्याकरण न शिकवता इंग्रजी दिलं. नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं यांवरची कोडी मुलांनी इंग्रजीतून सोडवायची. मन अर्थामध्ये गुंतलं की रूपं आपोआप बसत जातात, हा त्यामागचा विचार. माझा अनुभव त्याच्या बऱ्याच जवळ जातो. "ही गो" नाही "ही गोज", हा नियम पहिल्याच आठवड्यात कळतो आणि जिभेवर बसायला वर्षं लागतात. "आय डिड नॉट वेन्ट" चूक आहे हे वहीत सगळ्यांना माहीत असतं. बोलताना वेन्ट येतंच. नियम समजला म्हणून तोंड वळत नाही.

पण रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञाची हकिकत मला जास्त पटते. तो ब्राझीलमध्ये काही महिने राहिला, पोर्तुगीज शिकला आणि रोजनिशी ठेवली. १९८६ साली ती अभ्यास म्हणून प्रसिद्ध झाली. वर्गात भूतकाळाचं एक रूप शिकवलं गेलं, आणि त्यानंतर मित्राच्या बोलण्यात तेच रूप त्याला जागोजागी ऐकू यायला लागलं. मित्र आधीही तसंच बोलत होता. कान आत्ता उघडले होते.

व्याकरणाचं काम मी एवढंच धरतो. ते बोलायला लावत नाही, ऐकायला लावतं, आणि लिहून झाल्यावर तपासायला लावतं. त्यामुळे क्रम उलटा ठेवा. आधी वाक्य भेटू दे, मग नियम वाचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण १८३६ साली छापलं. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोक ओव्या रचत होते आणि बाजारात भावही करत होते.

रोजच्यासाठी आमची पद्धत अशी. एक वही करायची, स्वतःच्या चुकांची. पुस्तकातल्या चुका नकोत. डाव्या पानावर जे लिहिलं होतं ते, उजव्यावर दुरुस्त केलेलं, आणि खाली मराठीत एकच ओळ: मी काय म्हणायला गेलो होतो. महिन्याभरात दिसतं की आपल्या चुका शंभर नसतात, चार-पाचच असतात आणि त्याच फिरून येतात. कुणाचं सिन्स, कुणाचं हॅड, कुणाचं आयएनजी. जी आपली आहे त्याच धड्याचं व्याकरण वाचायचं. मेल लिहिताना थांबायचं नाही, भरभर लिहायचा, आणि पाठवायच्या आधी फक्त क्रियापदांवरून एकदा बोट फिरवायचं. दोन मिनिटं लागतात. बोलताना मात्र हे बोट खिशात ठेवा, नाहीतर वाक्य तोंडातच अडकतं.

गेल्या महिन्यात डिस्पॅचच्या पोराचा मला दुपारी फोन आला. खालून सुपरवायझरचा आवाज मला फोनमध्येही ऐकू येत होता, माल निघाला म्हणून सांग! पोरगं म्हणालं, "दादा, थांबा जरा," आणि दुसऱ्या फोनवरून गेटवर विचारलं, गाडी कुठं आहे? मग माझ्याशी बोलत बोलतच त्यानं टाइप केलं, आणि मला वाचून दाखवलं: "द ट्रक इज बीइंग लोडेड. इट विल लीव्ह ॲट सिक्स." मी म्हटलं, पाठव. त्या दिवशी गाडी सुटली साडेसहाला.